आवाज मात्र बदलला नाही

माझी पहिली रहस्यकथा परत आली तेव्हा संपादकबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुमची इन्स्पेक्टर तपास करत नाही हो, बातम्या वाचते."

मी शहापूरच्या एका शाळेत मराठी शिकवते. माहेर डोंबिवलीचं. माझ्या कथेतली अधिकारी प्रेताशेजारी उभी राहून "परिस्थिती संशयास्पद आहे" असं म्हणायची. हुशार बाई अशीच बोलत असणार, असं मला वाटायचं.

खरा तपास करणारी बाई तर माझ्या नात्यातच होती. नवऱ्याची थोरली बहीण मुरबाडकडच्या एका गावात पोलीस पाटील आहे. दहावी शिकलेली, नवरा गेल्यापासून भातशेती एकटीनं सांभाळणारी. मी तिला ताई म्हणते. गावातली भांडणं, हरवलेल्या शेळ्या, पळून गेलेल्या पोरी, सगळं आधी तिच्या ओटीवर येतं. शहापूरला काही काम निघालं की ती आमच्याकडे जेवायला थांबायची.

अशाच एका दुपारी तिनं मला पेंढ्याची गोष्ट सांगितली. गावातल्या एका घराची उडवी, म्हणजे रचून ठेवलेला सगळा पेंढा, भर दिवसा जळून गेली. घरच्यांनी लगेच मजुरीला येणाऱ्या एका माणसाचं नाव घेतलं. आदल्या आठवड्यात त्याचं त्यांच्याशी वाजलं होतं.

"त्याला धरून माझ्याकडं आणला," ताई भात कालवत म्हणाली. "मंग मी काय बोलली? काय नाय बोलली. पयली उडवी बघाय गेली. राख गरम होती अजून. नि बाजूच्या खुंट्याला रेडकू नाय. कुठं हाय? तर लांब आंब्याला बांधलेला. आता बघ गो, आग लावणाऱ्याला रेडकाची काय पडलीय? मंग इचारलं, याला दूध कोण पाजतं?"

आई मेलेल्या त्या रेडकाला बाटलीनं दूध पाजून त्या घरच्या सुनेनं जगवलं होतं. ताईनं तिला विहिरीवर एकटीला गाठलं. पोरगी रडली नाही, तिनं सरळ सांगून टाकलं. पाचव्या महिन्यात पेंढ्याचे भारे वाहताना तिचं पोट पडलं होतं, आणि चौथ्या दिवशी सासूनं पुन्हा डोक्यावर भारा दिला होता. नवरा तेव्हा कामासाठी बाहेरगावी होता. पेंढाच राहिला नाही तर गुरं विकतील आणि भारे वाहणं सुटेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

ताईनं गावाला सांगितलं, कुणाच्या तरी विडीची ठिणगी पडली असेल. मजूर सुटला. सासूला बाजूला घेऊन तिनं दम भरला, की या पोरीच्या डोक्यावर पुन्हा भारा दिसता कामा नये.

"तुझ्याजवळ बोलली," ताई हात धुताना म्हणाली. "तिच्या नवऱ्याला पन ठाव नाय."

मी मान डोलावली. ती गेली आणि मी वही काढली.

मी गाव समुद्रकाठी नेलं. पेंढ्याच्या जागी मासळीची जाळी घातली, रेडकाच्या जागी बोकड, सुनेच्या जागी जाऊ. एवढं केल्यावर आपण शब्द पाळला असं मला वाटलं. आवाज मात्र बदलला नाही. कथा पोलीस पाटीलबाईच सांगत होती, "मंग मी काय बोलली? काय नाय बोलली," असं प्रत्येक वळणावर स्वतःलाच विचारत. तो काढला असता तर माझ्याकडे पुन्हा बातम्याच उरल्या असत्या, हे मला पक्कं माहीत होतं.

संपादकबाई खूश झाल्या. दिवाळी अंकात कथा आली, आणि त्यांनी ती माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून मागितली. शाळेच्या ग्रंथालयात दार लावून मी ताईची नक्कल केली. इथं मला थांबून खरं लिहायला हवं. मी तो आवाज वाढवला. तिचं "नाय" लांबवलं. तिनं कधी न केलेल्या चुका तिच्या तोंडी घातल्या, कारण ऐकणाऱ्यांनी हसावं अशी माझी इच्छा होती. ते हसलेही. "काय बाई आहे, हसून पोट दुखलं," असे निरोप येत होते. मी ते नवऱ्याला वाचून दाखवले.

तो हसला नाही. "ताईला ऐकवलंस?" त्यानं विचारलं.

"ऐकवीन ना."

त्याआधीच ते रेकॉर्डिंग फिरत फिरत तिच्या गावातल्या बायकांच्या फोनवर पोचलं. पहिल्या दोन वाक्यांत लोकांनी ओळखलं, ही आपली पाटलीण. पुढचं सोपं होतं. आपल्या गावात काय जळलं होतं? आंब्याला बांधलेलं रेडकू तर कितीतरी जणांनी पाहिलं होतं. चार दिवसांत त्या पोरीला नवऱ्यानं कसाऱ्याच्या पुढं तिच्या माहेरी नेऊन सोडलं.

मी रविवारी ताईकडे गेले. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "लाव. तुझ्या मोबाइलवर लाव. माझ्यासमोर आयकू."

संपूर्ण कथा आम्ही दोघींनी तिच्या ओटीवर बसून ऐकली. माझा आवाज तिचा आवाज काढत होता आणि ती समोर तांदूळ निवडत होती. मध्ये एकदाच तिचा हात थांबला.

"मी अशी बोलती?"

"ताई, ते जरा कथेसाठी..."

"माझं ऱ्हाऊ दे. त्या पोरीला मी इहिरीवर शब्द दिलता. तिला काय सांगू?"

मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगते की हे काल्पनिक आहे.

"सांग. मंग लोक म्हणतील, पाटलीनीनं सांगाय लावलं."

परतताना एसटीत खिडकीशी बसून मी संपादकबाईंना रेकॉर्डिंग काढून टाकायला सांगितलं. त्यांनी काढलं. फोनांमध्ये गेलेलं कोण काढणार?

जे निस्तरायचं ते ताईनंच निस्तरलं. सासूला सोबत घेऊन ती त्या पोरीच्या माहेरी गेली, नवऱ्याला बोलावलं आणि पोट पडल्याची हकिकत सासूच्याच तोंडून त्याला ऐकवली. भाऱ्यांचं त्याला घरात कुणीच सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांनी तो बायकोला घेऊन आटगावला खोली करून राहिला. तिथल्या एका गोदामात त्याला काम लागलं. ताईवर तक्रार झाली, तिला लेखी खुलासा द्यावा लागला. पद राहिलं. पण तिच्या ओटीवर आता पूर्वीसारख्या बायका येत नाहीत. पाटलीणीला सांगाल तर गोष्टीत जाल, असं गावात म्हणतात. हे मला नवऱ्याकडून कळलं, तिनं स्वतः कधी सांगितलं नाही.

संपादकबाईंना त्या पाटलीणीच्या आणखी सहा कथा हव्या होत्या. मी परीक्षेचं काम आहे असं सांगून टाळलं. खरं कारण सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, अहो, मग हेच लिहा. आणि मला मोह झाला असता. आज तोच झालेला दिसतो आहे, म्हणून हे लिहिताना माझी लाज काही कमी होत नाही. एवढंच, की यावेळी ताईला आधी विचारलं. "लिव," ती म्हणाली, "पन सुनेला नि माझ्या गावाला वळखू येईल असं काय नको." म्हणून पेंढा, रेडकू, गाव, हे सगळं इथंही बदललेलं आहे.

ताई अजूनही शहापूरला आली की आमच्याकडे जेवते. माझ्याशी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलते. "भाजी चांगली झाली आहे." "शाळा कशी चालली आहे?" प्रत्येक शब्द पुरता. मी स्वयंपाकघरात असले की बाहेरून भावाशी चाललेलं तिचं भरभर बोलणं ऐकू येतं, हसणंही. मी चहा घेऊन गेले की ते थांबतं. म्हणून मी कप ठेवते आणि लगेच आत येते.