तिसरा मजला, लिफ्ट नाही

नाशिकरोडला जेल रोडवर, अनुपम अपार्टमेंटमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला तेव्हा विमलाबाई पगारेंना त्या मजल्याचं कोण कौतुक होतं! वारा भरपूर, डास कमी, डोक्यावर फक्त गच्ची, आणि मुख्य म्हणजे खालच्या मजल्यांपेक्षा स्वस्त. साल होतं पंच्याण्णव. नवरा पुंजाराम एसटीत कंडक्टर, विमलाबाई स्वतः बालवाडीच्या बाई, मुलगा संघर्ष कॉलेजात. जिन्याचं म्हणाल तर पुंजाराम दोन-दोन पायऱ्या टाकत वर यायचे. जन्मभर चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडलेला माणूस, त्याला जिन्याची काय मातब्बरी!

तीन वर्षांनी कळवणच्या मुक्कामाची गाडी करून ते घरी आले, अंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. बोलणं परत आलं, हातही थोडाफार चालू लागला, पण पाय ओढतच राहिला. काठी घेऊन सपाट जमिनीवर ते चालायचे. जिना मात्र जमेना. एकदा संघर्षने धरून खाली न्यायचा प्रयत्न केला, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते मटकन खाली बसले. खाली जाता येईना, वर येता येईना. शेवटी बिल्डिंगमधल्या दोघा-तिघांनी उचलून वर आणलं. त्या दिवसापासून पुंजारामांनी जिन्याचं नाव काढलं नाही.

मालेगाव, कळवण, त्र्यंबक, सगळा जिल्हा ज्याच्या पायाखाली, तो माणूस आता हॉल ते स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघर ते हॉल अशा फेऱ्या मारू लागला. बाकी वेळ खिडकीत. तक्रार करायचा स्वभाव नव्हता, पण एक दिवस म्हणाले, “विमल, वरून माणसांची नुस्ती डोकीच दिसतात बघ. कोण चाललंय ते काय कळत नाय.”

विमलाबाईंनी तेव्हाच मनात पक्कं केलं, हे घर विकायचं आणि तळमजल्यावर घर घ्यायचं. इथेच, जेल रोडला, कारण बालवाडी इथे होती आणि आता घर त्या पगारावर आणि तुटपुंज्या पेन्शनवर चाललं होतं. एकदा विमलाबाईंनी मनात पक्कं केलं की ते ब्रह्मदेवालाही बदलता येत नसे, आणि ब्रह्मदेवाला तर त्या मोजतच नव्हत्या. पगारे घराणं बौद्ध.

संघर्ष तोवर पुण्यात नोकरीला लागला होता. तो फोनवर म्हणाला, “आई, तुम्ही दोघं इकडेच या.”

“तुझी खोली कितव्या मजल्यावर आहे?” विमलाबाईंनी विचारलं. चौथ्या मजल्यावर होती.

मग तो म्हणाला, खाली भाड्याने घ्या. तेही त्यांनी करून पाहिलं. खोली बघायला जावं, मालकाने कौतुकाने नळ सोडून दाखवावा, आणि आडनाव विचारलं की ती खोली कालच कुणालातरी दिलेली निघावी. दोनदा असं झाल्यावर विमलाबाईंनी तो नाद सोडला. घर घ्यायचं ते स्वतःचं. तिथून कोणी उठवणार नाही.

पण घर विकणं काय चेष्टा आहे? नव्याण्णवचं साल ते. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून माणसं घरी बसत होती. बिल्डरांचेच नवेकोरे फ्लॅट पडून होते, त्यांच्या जाहिरातीच्या पाट्या उन्हाने पांढऱ्या पडल्या होत्या. तिथे तिसऱ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टचा, वापरलेला फ्लॅट कोण घेणार!

कोपऱ्यावर जीवन नावाचा एक इस्टेट एजंट बसे. एक टेबल, एक फोन आणि भरपूर आत्मविश्वास एवढंच त्याचं भांडवल. तो घर बघून गेला आणि जिन्यात उभा राहून हळू आवाजात म्हणाला, “मावशी, दोन गोष्टी करा. हॉलमधले ते फोटो आहेत ना, बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा, ते घर दाखवण्यापुरते आत ठेवा. गिऱ्हाईक कसं असेल, काय सांगता येतं?”

“फोटो हलणार नाहीत,” विमलाबाई म्हणाल्या. बालवाडीत चाळीस पोरांना एका दमात गप्प करणारा आवाज होता तो. “दुसरं सांग.”

जीवनने फोटोंचा विषय तिथेच सोडला. “दुसरं म्हणजे काकांचं. आजारी माणूस दिसला की घर लोकांना अपशकुनी वाटतं. शिवाय तुमची गरज दिसली की भाव पाडतात. मुलाकडे पुण्याला जायचंय म्हणून विकतोय, असं सांगायचं सगळ्यांना. आणि गिऱ्हाईक आलं की काकांना आतल्या खोलीत बसवायचं.”

पहिल्या गोष्टीला ज्या बाई पहाडासारख्या उभ्या राहिल्या, त्या दुसऱ्या गोष्टीला मुकाट्याने हो म्हणाल्या. त्यात त्यांना व्यवहार दिसला. तेव्हापासून बिल्डिंगभर झालं, पगारे पुण्याला चालले.

आणि गिऱ्हाइकं येऊ लागली. एक बाई दुसऱ्या मजल्यावरच पायरीवर बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्हीच बघून या.” एकाने स्वयंपाकघर वितीने मोजलं. एकाने गच्ची तापते का विचारलं आणि विमलाबाईंनी उत्तर द्यायच्या आधीच “तापणारच” असं स्वतःच सांगितलं. बरेचजण फोटोंकडे बघून एकदम घाईत आले. सगळ्यांचं जाताना एकच पालुपद, “बघतो, कळवतो.” कळवलं कोणीच नाही. वर्ष गेलं, दुसरं लागलं. जीवन सारखा भाव उतरवा म्हणायचा आणि विमलाबाई नाही म्हणायच्या, कारण उतरवलेल्या भावात तळमजल्याचं घर आलं नसतं. दर रविवारी त्या जिना धुऊन काढायच्या. तिन्ही मजल्यांचा, एकट्याने. पायऱ्या कमी करता येत नव्हत्या, निदान स्वच्छ तरी!

त्या धुतलेल्या जिन्यावर पीठ सांडायचं काम तळमजल्याच्या वत्सलाबाई करायच्या. वत्सलाबाईंचा पापड-कुरडयांचा धंदा होता. होळी झाली की भल्या पहाटेपासून त्यांची आणि त्यांच्या दोन मदतनीस बायकांची वरात गच्चीवर निघे. चिकाची पातेली, खाटा, साड्या, पाट, सगळं खालून वर. नेमकं पुंजारामांच्या डोक्यावर खाटा ओढल्या जात. एका वर्षी विमलाबाईंनी गच्चीत जाऊन आवाज चढवला, वत्सलाबाईंनीही तोडीस तोड चढवला, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. जिन्यात समोरासमोर आल्या की एक भिंतीकडे बघे, दुसरी पायरीकडे. तळमजला ते तिसरा मजला, इतका लांबचा अबोला बिल्डिंगने पाहिला नव्हता.

दोन हजार एकच्या एप्रिलमध्ये मालेगावहून एक निवृत्त होत आलेले गृहस्थ बायकोला घेऊन घर बघायला आले. माणसं बरी होती. दम लागला तरी हसत होती, आणि फोटोंना त्या बाईने हात जोडले. विमलाबाईंच्या आशेला पालवी फुटली. स्वयंपाकघर झालं, संडास-बाथरूम झालं. एवढ्यात बंद खोलीत काठी पडल्याचा आवाज आला.

“आत कोण आहे?” त्या गृहस्थांनी विचारलं.

“कोणी नाही,” विमलाबाई म्हणाल्या.

तोंडातून निघून गेलं ते. गृहस्थांनी एकदा बंद दाराकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. घर दाखवणारी बाई काहीतरी लपवते आहे, हे न कळायला ती माणसं दूधखुळी नव्हती. चहा न घेताच निघाली. दारात म्हणाली, “बघतो, कळवतो.”

विमलाबाईंनी आतलं दार उघडलं. पुंजाराम खाटेच्या कडेवर बसले होते, काठी दूर पडली होती. त्यांनी बायकोकडे बघितलं आणि विचारलं, “कोणी नसलेल्या माणसाला चहा मिळंल का?”

त्यात राग नव्हता, तेच वाईट. रागावले असते तर विमलाबाईंना भांडता तरी आलं असतं. त्या तिथेच फरशीवर बसल्या आणि रडल्या. दोन वर्षं त्यांनी नवऱ्याला मोकळं करायचं म्हणून नवऱ्यालाच कोंडलं होतं. आपल्याच मूर्खपणाचा त्यांना इतका संताप आला की चहा उतू गेला तरी लक्ष नव्हतं.

पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी त्यांनी पुंजारामांना इस्त्रीचा शर्ट घातला, हॉलमध्ये बरोबर दारासमोर खुर्ची मांडली आणि त्यात बसवलं. जीवन एका जोडप्याला घेऊन आला, दारातच थबकला.

“या,” विमलाबाई म्हणाल्या. “हे आमचे मालक. यांना जिना उतरता येत नाही. तीन वर्षं हे जमिनीला टेकलेले नाहीत. म्हणून मला हे घर देऊन इथेच तळमजल्यावर घर घ्यायचंय. पुण्याला बिण्याला कोणी चाललेलं नाही. वारा छान आहे, गच्ची तापते, पाणी दोन वेळा येतं. बघा घर.”

जीवनने कपाळावर हात मारला. जोडप्याने घर बघितलं न बघितलंसं केलं आणि जिन्याला लागलं. जीवन त्यांच्यामागे धावला.

दार उघडंच राहिलं. आणि दारात पापडाच्या पिठाची परात कमरेवर घेऊन वत्सलाबाई उभ्या होत्या. गच्चीवर जाता जाता त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मला वाटलं तुम्ही पोराकडे चालला,” त्या म्हणाल्या. अबोला मोडला हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. “तुम्हाला तळमजला पाहिजे?”

“हो.”

“अहो बाई, मी दीड वर्ष झालं, बिल्डिंगला कळू न देता माझा विकायला काढलाय! कोणी घेईना. खिडकीसमोर स्कूटरी, दारात ड्रेनेजचं चेंबर, पावसाळ्यात ओल. ऊन बघायला मिळत नाही. रोज हे सगळं घेऊन चार जिने चढते मी. वरचं घर मिळालं तर एकच जिना राहील. पण माझा विकल्याशिवाय तुमचा घेणार कशी, म्हणून गप्प बसले. आणि तुम्ही तर बोलतच नव्हता माझ्याशी!”

“तुम्ही तरी कुठे बोलत होता?”

खुर्चीतून पुंजाराम म्हणाले, “आता बोलताय तर बसून बोला. परात उतरवा आधी.”

दोन्ही घरं मोजायला एकाच मापाची. बाजारात एकालाही विचारत नव्हतं कुत्रं. त्या दोघींना बाजाराची गरजच नव्हती. त्यांना फक्त एकमेकींची गरज होती, आणि मधे एका खाटेचा आवाज आडवा आला होता.

अर्थात सगळं लोण्यासारखं झालं नाही. त्या दोघी गच्चीवर पापड वाळत घालता घालता आठवडाभर घासाघीस करत होत्या. चेंबर कोणी दुरुस्त करायचं, दस्ताचा खर्च कसा वाटायचा, किचनमधली नवी फळी कोणाची. मग वत्सलाबाईंची नणंद येऊन कानाशी लागली, पगारेंच्या घरात पापड केले तर लोक घेतील का? वत्सलाबाईंनी तिला सगळ्यांदेखत विचारलं, “तू घेणार का नाहीस ते सांग, मी लाटणं ठेवून देते.” नणंद आल्या पावली परत गेली. तरी त्या मोसमात तीन-चार जुनी गिऱ्हाइकं तुटली. वत्सलाबाईंनी ते विमलाबाईंना सांगितलंही, आडपडदा न ठेवता, आणि म्हणाल्या, “जाऊ दे. गुडघे तर वाचले!”

अदलाबदलीचा दस्त झाला. जीवन दोन्हीकडे कमिशन मागायला आला, कारण त्याच्या हिशेबाने दोन घरांचा व्यवहार झाला होता. त्याला दोन्हीकडे चहा मिळाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुंजारामांना खुर्चीसकट खाली आणलं. संघर्ष आला होता, बिल्डिंगमधले तिघे मदतीला. खुर्ची उचलली, पण कोणी पाऊल टाकेना, जो तो दुसऱ्याकडे बघत होता. तेव्हा पुंजाराम त्यांच्या एसटीतल्या आवाजात ओरडले, “डबल! चला, जाऊ द्या!” आणि गाडी निघाली. खाली आल्यावर त्यांनी उजवा पाय जमिनीवर ठेवला, मग हाताने उचलून डावा ठेवला.

घर ओलसर होतं, समोर स्कूटरी होत्या, चेंबर एकदा तुंबलंही. विमलाबाई रोज त्याला शिव्या देत आणि रोज झाडून काढत.

जुलैतल्या एका दुपारी त्या बालवाडीतून आल्या, तर दार नुसतं लोटलेलं. हॉलमध्ये कोणी नाही. आत कोणी नाही. खाटेवर, बाथरूममध्ये, कुठेही नाही. त्यांनी हाका मारल्या, वरून वत्सलाबाई धावत आल्या, त्यांनाही माहीत नव्हतं. विमलाबाई अनवाणी रस्त्यावर धावल्या. रिक्षा स्टँडपाशी विचारलं, किराणाच्या दुकानात विचारलं.

कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर, बाकावर काठी टेकून पुंजाराम बसले होते. समोर अर्धा कप, शेजारी दोन रिक्षावाले, आणि त्यांना ते कळवणच्या घाटातली कसलीशी हकिकत रंगवून सांगत होते.

विमलाबाईंनी तोंडाचा जो पट्टा सोडला तो सोडला. “सांगून जाता येत नाही? दार उघडं टाकून? कुठे पडला असता म्हणजे? जीव गेला माझा शोधता शोधता!” पुंजाराम लहान पोरासारखे ऐकून घेत होते आणि त्यांचं तोंड आनंदाने नुसतं फुललं होतं. बोलता बोलता विमलाबाईंच्या लक्षात आलं, तीन वर्षांत या माणसाला शोधायची पाळी आपल्यावर एकदाही आली नव्हती. तरी त्या आणखी थोडं रागावल्या.

मग त्यांनी पुंजारामांना उठवायला हात पुढे केला.

“तू हो पुढं,” पुंजाराम म्हणाले. “चहा संपवून येतो मी.”

आणि विमलाबाई खरंच एकट्या पुढे निघून गेल्या.