आलेल्याला चहा
वृद्धाश्रम घरासारखा वाटावा म्हणून तिथल्या लोकांनी नातेवाइकांची एक समिती नेमली होती, आणि तिच्यात मीही होतो. वडील गेल्यावर कळंबचं घर बंद करून, खोपोलीतल्या दोन खोल्यांत जागा नाही असं सांगून आईला चौक गावाजवळच्या या आश्रमात ठेवणारा माणूस घरपणावर बोलणार! बोललो, अगदी तोंड भरून बोललो. पांढऱ्या भिंतींना पिवळा रंग द्या, फुलाफुलांचे पडदे लावा, वॉर्ड म्हणू नका, ओसरी म्हणा. सगळं मान्य झालं. पाट्या बदलल्या, खाटा होत्या तशाच ओळीत राहिल्या.

आईला विचारलं, "तुला काय हवंय?" ती म्हणाली, "मला काय नको रं. तू आलास की तेवढा चहा ठेवायला मिळूदे."

आमच्याकडे दारात आलेला माणूस चहाशिवाय परत जात नाही. पोस्टमन असो, नाहीतर बांधावरून भांडायला आलेला भाऊबंद. आधी चहा, मग भांडण. घरात दूध नसलं तर आई मागच्या दाराने शेजारून वाटीभर आणायची. मी तिचं म्हणणं समितीत मांडलं. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "उद्या कुणाच्या पदराने पेट घेतला तर जबाबदार कोण?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग स्वयंपाकघराच्या दारावर आम्ही वळणदार अक्षरांत 'अन्नपूर्णा' रंगवून घेतलं आणि खालचं 'प्रवेश बंद' तसंच ठेवलं.

त्यानंतर दर रविवारी मी गेलो की आई खाटेखालून बशीने झाकलेला कप काढायची. "घे, पी." गार चहा, वर जाड साय. मला किळस यायची. "चौकात पिऊन आलोय गं," म्हणायचो, आणि ते खरंच असायचं. ती कप परत झाकून ठेवायची. एकदा तिथल्या मावशींनी मला व्हरांड्यात गाठलं. "दुपारचा येकच कप मिळतो त्यांना. तो तुमच्यासाठी ठेवतात. रविवारी त्या चहा पीतच नाय. तुमाला कळत नाय का?"

पुढच्या रविवारी चौकात न थांबता गेलो. कसाही असला तरी पिणार होतो. पण आईने खाटेखाली हात घातलाच नाही. मीच विचारलं, "आज चहा नाही?"

"दुपारी प्याले मी," ती म्हणाली. मग पडद्याकडे बघत म्हणाली, "दर रविवारी नको येऊस रं. तू येणार, नि मी तुझ्यासमोर नुसते हात बांधून बसणार. लाज वाटते मला."

चल घरी, आपल्या गॅसवर ठेव चहा, एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं.

"बरं," मी म्हणालो, "मग महिन्यातून एकदा येत जाईन."