बोळा तोंडात होता तेव्हा

आमच्या घरात बोलायचं काम माझं आणि आत्तीचं. आत्ती म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. माझी आई काविळीनं गेली तेव्हा मी नुकती पावलं टाकायला लागले होते. तेव्हापासून आत्तीनंच मला वाढवलं. आबा उद्यमनगरात लेथवर कामाला. दिवसभर यंत्रांच्या वर आवाज चढवून बोलायचे आणि घरी आले की तोंडाला कुलूप. चहा हवा असला तरी रिकामा कप नुसता पुढे सरकवायचे.

आईविषयी तर घरात कुणी अवाक्षर काढत नसे. भिंतीवर लग्नातला एक फोटो होता, त्यात ती ओठ गच्च मिटून उभी. लहानपणी मी काही विचारलं की आत्ती दटावायची, "आबासमोर काढू नगंस. मग जेवत न्हाय त्यो." मी विचारायची थांबले, पण हवं असणं काही थांबलं नाही. ती कशी हसायची, भांडायची का, मला काय म्हणून हाक मारायची. कॉलेजात मैत्रिणी आपापल्या आयांच्या तक्रारी सांगायला लागल्या की मला त्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या.

त्याच कॉलेजच्या वर्षांत, म्हणजे नव्वदच्या आसपासच्या काळात, माझी अक्कलदाढ दुखायला लागली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, शेजारणीनं दिलेला कसलासा पाला झाला. गाल सुजून पुरणपोळीएवढा झाला तेव्हा आबा अर्धी सुट्टी टाकून आले आणि मला सायकलवर मागे बसवून राजारामपुरीतल्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. आत्ती त्या दिवशी पेठ वडगावला लेकीकडे गेली होती, नाहीतर आबांवर ही वेळ आलीच नसती.

डॉक्टर अंगानं पैलवान आणि बोलायला फटकळ. भूल देऊन त्यांनी दाढ अशी काही हलवली की माझं डोकंच खुर्चीतून उपटून येतंय असं वाटलं. दुखलं नाही, पण आतून करकर ऐकू आली आणि ती मला अजून ऐकू येते. मग कापसाचा बोळा ठेवून ते म्हणाले, "दाबून धर. बोलायचं न्हाई, थुकायचं न्हाई. गरम काही नको. थंड दूध द्या हिला."

थंड दूध. आबांनी त्यातलं दूध तेवढं ऐकलं.

घरी जाताना त्यांनी सायकल गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर वळवली. तिथं दुपार कलली की म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळता ग्लास तसाच हातात देतात. कोल्हापूरकराचा या धारोष्ण दुधावर औषधापेक्षा जास्त विश्वास. आबांनी ग्लास माझ्यापुढे धरला. मी हातानं खुणा करून सांगितलं, गरम आहे, नको. आबा म्हणाले, "गरम म्हंजे चुलीवरचं. ह्ये थेट म्हशीतनं आलंय की." यावर बोळा तोंडात असलेला माणूस काय वाद घालणार? बोळा काढला आणि फेस ओढून ओढून सगळं दूध प्याले. पोटात काही नव्हतं, गोडही लागलं. ग्लास खाली केला तेव्हा तळाशी राहिलेला फेस गुलाबी होता.

मी ओठ पुसले तर हात लाल. आबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी सायकल कट्ट्यावरच टाकली आणि मला रिक्षात घालून परत दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. मग आबांकडे बघत म्हणाले, "पावणं, म्हैस काय फ्रीजमधनं आणलीवती?" बाकावरचे पेशंट सुजलेले गाल धरून हसले. एरवी आबांनी असला टोमणा परतवल्याशिवाय सोडला नसता, त्या दिवशी ते खाली मान घालून उभे राहिले. नवीन, दुप्पट मोठा बोळा घेऊन आम्ही घरी आलो. जेवणवेळेपर्यंत मी शब्द काढायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

घरात आम्ही दोघंच. मी कॉटवर उशीला टेकून बसलेले, आबा समोर खाली, पाठ भिंतीला. आत्तीचा आवाज नाही, माझा नाही. आबांना तसल्या शांततेची सवय नव्हती. त्यांचं गप्प बसणं आमच्या बडबडीवर चालायचं. ते दोनदा उठून माझा बोळा बघून गेले. मग अंगणाकडे बघत एकदम म्हणाले, "तुज्या आयलाबी रक्त बगून घेरी यायची."

मी हललेसुद्धा नाही. चिमणी दाण्यावर उतरल्यावर माणूस बसतं तशी बसून राहिले.

आणि आबा बोलत राहिले. राधानगरीच्या अलीकडच्या गावात ते तिला बघायला गेले होते. तिकडचा तो पाऊस. त्यांनी छत्री पडवीत उलटी ठेवली होती आणि पागोळ्या नेमक्या तिच्यात पडत होत्या. चहाचा ट्रे घेऊन आलेली मुलगी खाली मान घालायची सोडून म्हणाली, "पावणं, छत्री भरली की." तिच्या बापानं डोळे वटारले. आबांनी तिथंच ठरवलं. लग्नानंतरही रुसली की ती त्यांना पावणंच म्हणायची. "पावणं, वाढून ठेवलंय. जेवायचं तर जेवा."

तिचा एक सुळा दातावर चढलेला होता म्हणून हसताना तोंडावर पदर घ्यायची. फोटोतले मिटलेले ओठ मला त्या दिवशी कळले. शहरातला रस्ता ओलांडताना आबांच्या शर्टाचं टोक धरायची आणि पलीकडे पोचल्यावर आपण धरलंच नव्हतं म्हणायची. उंबऱ्यात बसून भाजल्या शेंगा खायची, सासू आली की टरफलं ओच्यात लपवायची आणि उठताना सगळी सांडायची. हे सांगताना आबा हसले. मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना वाटलं भूल उतरली, म्हणून त्यांनी ओला रुमाल आणून माझ्या गालावर ठेवला आणि पुढचं सांगायला लागले.

"तुला घिऊन दारात हुबी ऱ्हायाची, माजी शिफ्ट सुटायच्या टायमाला. हाका मारमारून तुला नाचवायची," आबा म्हणाले.

मला राहवलं नाही. मी बोळा काढला आणि विचारलं, "काय म्हणून हाक मारायची मला?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बोलू नगं. रक्त यील." रक्त थांबलेलं होतं. ते उठून माझ्यासाठी दूध बघायला गेले, या वेळी चांगलं माठाच्या पाण्यात ठेवून गार केलेलं. पुढचे दिवस मी मऊ भात, केळं आणि आइस्क्रीमवर काढले. आत्ती परत आली, मी बोलायला लागले, घर पूर्ववत झालं. आबाही.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, ते शहरातल्या शहरात. आत्ती गेल्यावर आबा आमच्याकडे राहायला आले. दोन हजारनंतरच्या त्या काळात त्यांची आठवण विरळ होत चालली होती. लेथवरचे आकडे तोंडपाठ, पण जेवले की नाही ते आठवायचं नाही. अशात माझी आणखी एक दाढ काढावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, तासाभरानं बोळा काढून टाका. मी काढला नाही. घरी येऊन आबांच्या समोर बसले आणि वाट बघू लागले. पोरं शाळेत होती, नवरा कामावर. मनात म्हटलं, ही शांतता त्यांना ओळखीची वाटेल. किती वेडी आशा ती, पण मला ती सोडवत नव्हती.

बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "काड की त्यो बोळा. वास मारायलाय."

मी मान हलवली.

"मागं एकदा सांगितलंतं न्हवं मी तुला? तिचं?" त्यांचा आवाज खाली आला. "तेवढंच हुतं गं माज्याकडं. दोन वर्सांचा तर संसार. आता त्येबी घावंना झालंय. तूच सांग की, काय सांगितलंतं मी."

मी बोळा काढला. जड जिभेनं सांगायला लागले. पडवी, उलटी छत्री, शर्टाचं टोक, ओच्यातून सांडलेली टरफलं. आबा पुढे वाकून ऐकत होते, मध्ये मध्ये "व्हय?" म्हणत होते. दारात उभं राहण्यापाशी येऊन मी थांबले. माझ्याकडेही तेवढंच होतं.

"मग?" आबा म्हणाले.

"मग," मी म्हणाले, "ती मला भिंगरी म्हणायची."

आबांनी डोळे मिटून मान डोलावली. "व्हय. भिंगरीच म्हनायची."

तो शब्द मी तिथल्या तिथे रचला होता. आबांना खरंच तसं आठवलं, की त्यांनी माझं मन राखलं, हे मला कधीच कळणार नाही. आता माझ्या मुली विचारतात, आजी तुला काय म्हणायची गं? मी सांगते, भिंगरी म्हणायची.