आत्या लायसन्स काढतात

माझ्या बायकोच्या आत्यांना जगातली कुठलीही गोष्ट शिकवता येत नाही, कारण शिकवणाऱ्याने तोंड उघडायच्या आत ती त्यांना आलेली असते. निदान त्यांचं म्हणणं तसं आहे. लग्न ठरलं तेव्हा सासरच्या मंडळींची ओळख करून देताना बायकोने मला बजावलं होतं, "सगळे साधे आहेत रे. फक्त आत्याला काही समजावून सांगायला जाऊ नकोस." मी गेलो. पहिल्याच भेटीत, चिंचपोकळीच्या त्यांच्या चाळीत मी कुठून कसा आलो ते सांगायला लागलो, तर आत्यांनी मला मध्येच थांबवून मी ज्या रस्त्याने आलो तोच रस्ता समजावून सांगितला. आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगला सांगितला.

त्या एका सरकारी कचेरीत होत्या. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्यांना शिकवायला एक माणूस आला. आत्यांनी त्याला चहा पाजला, त्याच्या गावाची चौकशी केली आणि परत पाठवलं. पुढचे तीन दिवस त्यांच्या टेबलावरून फक्त टुंग टुंग असा आवाज येत होता, पण चौथ्या दिवशी साहेबांचं पत्र त्यांच्याच मशीनमधून छापून बाहेर पडलं. ब्लाउज शिवायला त्या अशाच शिकल्या. हिंदमाताच्या दुकानातून एक चांगला शिवलेला ब्लाउज आणला, सगळे टाके उसवून त्याचे तुकडे खाटेवर मांडले आणि पुन्हा जोडले. जोडल्यावर एक तुकडा उरला. "दुकानदाराने जास्तीचा लावला होता," असा त्यांचा निष्कर्ष. पंचेचाळिशीत पोहण्याची हुक्की आली तेव्हा दादरच्या तलावाच्या काठावर त्या दोन आठवडे नुसत्या बसून लोकांचे हातपाय बघत होत्या. पंधराव्या दिवशी पाण्यात उतरल्या आणि सरळ तळाला गेल्या. जीवरक्षकाने बाहेर काढल्यावर धापा टाकत म्हणाल्या, "बुडत नव्हते हो मी. खाली काय आहे ते बघत होते." यातली गंमत अशी की महिन्याभरात त्या खरोखरच पोहायला लागल्या. आत्यांची थट्टा करायला जावं आणि त्यांनी ती गोष्ट करून दाखवावी, हे आमच्या घरात नेहमीचंच आहे. त्यामुळे थट्टासुद्धा आम्ही जपून करतो.

गेल्या वर्षी आत्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात मिळालेली शाल घडी घालून कपाटात ठेवायच्या आत त्यांनी जाहीर केलं, "मी मोटारसायकलचं लायसन्स काढणार." मी म्हटलं, "आत्या, स्कूटर घ्या ना. गिअर नाहीत, हलकी असते." त्यावर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जावईबापू, बसून राहायला घरी खुर्ची आहे." आणि मोटारसायकल तर घरचीच होती. माझे सासरे, म्हणजे आत्यांचे थोरले भाऊ, ज्यांना त्या आणि पाठोपाठ सगळी चाळ दादा म्हणते, त्यांची जुनी काळी मोटारसायकल खाली चौकात ताडपत्रीखाली उभी होती. गिरणी बंद पडल्यावर दादांनी वीस वर्षं त्या गाडीवरून औषधांची खोकी पोचवून घर चालवलं. चाळीतल्या निम्म्या पोरांना गाडी शिकवली तीही त्यांनीच. आमच्याकडे मोटारसायकल शिकायला कुणी क्लासला जात नाही. भाऊ, काका, मित्र, कुणीतरी रविवारी सकाळी मागची सीट धरून धावतो आणि आपण शिकतो. पण दादांच्या गुडघ्यांनी दगा दिला, सासूबाई गेल्या, आणि दुसऱ्या मजल्यावरचा हा माणूस डॉक्टरकडे जाण्यापुरताच जिना उतरू लागला. उरलेला दिवस दादा गॅलरीत खुर्ची टाकून, मांडीवर पेपर घेऊन बसायचे. पेपरचं पान उलटलेलं मात्र मी क्वचितच पाहिलं.

आत्यांनी शिकाऊ लायसन्स एका फटक्यात मिळवलं. परीक्षेत सगळी उत्तरं बरोबर आली, वर एका प्रश्नाची भाषा कशी चुकली आहे हे तिथल्या साहेबांना सांगून आल्या. मग सुरू झाला सराव. आधी हेल्मेट आणलं. डोक्याला सवय व्हावी म्हणून ते घालून त्या आठवडाभर भाकऱ्या भाजत होत्या, लालबागच्या बाजारात कोथिंबिरीवरून हुज्जत घालत होत्या. काच खाली असल्यामुळे भाजीवाल्याला एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून त्याने घाबरून जुडी फुकट दिली. मग पंधरा दिवस गाडी स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, त्या चौकातल्या चौकात पार पनवेलपर्यंत जाऊन आल्या. तोंडाने हॉर्न, तोंडाने ब्रेक. मग टेस्टला गाडीने काढायला लावतात तसा भला मोठा इंग्रजी आठ चौकात रांगोळीने काढला, वळणावर पाण्याच्या बादल्या मांडल्या आणि खरीखुरी गाडी सुरू केली. त्या दिवसापासून तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या सकाळी सात वाजता भरू लागल्या. मी दादरहून मुद्दाम लवकर उठून जात असे. गाडी उचक्या देत निघायची, बादल्या आडव्या व्हायच्या, आत्या ओल्या व्हायच्या, वरून कुणीतरी ओरडायचं, "आत्या, क्लच! क्लच!" आणि हेल्मेटच्या आतून उत्तर यायचं, "माहित्येय मला!" इतकं चैतन्य त्या चाळीत गणपतीतही नसेल. फक्त दादा काही बोलत नव्हते. उजव्या हाताने गॅलरीचा कठडा घट्ट धरून ते बघत असायचे आणि त्यांचा डावा हात मात्र क्लच धरल्यासारखा नकळत मिटायचा, उघडायचा.

मध्यंतरी आमच्या आग्रहावरून आत्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फक्त चौकशीला गेल्या. तिथला माणूस म्हणाला, "टू-व्हीलर कोण शिकतं मॅडम? टेस्टच्या दिवशी या, बाकी आम्ही बघून घेतो." आत्या संतापून परत आल्या. "न शिकता पास व्हायचं असेल तर माझी मी होईन की! त्यासाठी याला कशाला मध्ये घेऊ?" यात तर्क काय होता ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण त्या वेळी मी मान डोलावली.

आणि टेस्टचा दिवस आला. गाडी मी चालवत आरटीओत नेली, आत्या मागे. संपूर्ण रस्ताभर मला सूचना. "तिसरा टाक. आता दुसरा. टॅक्सीवाल्याला जाऊ दे, तो चिडलाय." मैदानात उतरल्या तेव्हा लग्नघरातल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा फुलला होता. नाव पुकारलं. आत्या निघाल्या. पहिलं वळण सुरेख घेतलं, मी टाळ्या वाजवायला हात वर केले, आणि दुसऱ्या वळणावर गाडी कलली आणि डावा पाय जमिनीला लागला. साहेबांनी हात केला. आत्या म्हणाल्या, "पाय टेकला नाही, मी ठेवला." साहेब सज्जन होते, हसले. म्हणाले, "ठेवलात तरी नापासच, मॅडम. आठवड्याने परत या. पण एक सांगू का? कुणाकडून तरी शिकून या." आत्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मराठी आठ काढायला सांगितला असता तर सुटले असते. तो एकदा वळला की संपतो." पण हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. परतीच्या वाटेवर मी भायखळ्यापर्यंत चुकीच्या गिअरमध्ये गाडी नेली आणि मागून एक शब्द आला नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

शिकाऊ लायसन्सची मुदत संपायला दहा दिवस उरले होते. म्हणजे एकच संधी. नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि आत्यांचा स्वभाव पाहता ते पुन्हा कधीच झालं नसतं. त्या संध्याकाळी खोलीत आम्ही तिघं बसलो होतो, मी, बायको आणि आत्या. दादा बाहेर गॅलरीत. आणि आत्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? क्लास लावू?" मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मी उत्साहाने क्लासच्या बाजूने बोलायला सुरुवात केली. दादरला बायकांना शिकवणाऱ्या एक बाई आहेत, घरी येतात, फार शांत आहेत, वगैरे. आत्या ऐकून घेत होत्या. मग बायको हळूच म्हणाली, "आत्या, बाबांना का नाही विचारत?" आत्यांनी गॅलरीच्या दाराकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

त्यामागचं कारण मला बायकोने आधी कधीतरी सांगितलं होतं. आत्या विशीत असताना त्यांनी दादांना म्हटलं होतं, मला गाडी शिकव. मित्राची गाडी दारात उभी होती, चार मित्रही उभे होते. दादा हसले आणि म्हणाले, हे पोरींचं काम नाही. मित्रही हसले. बस, एवढंच. भांडण नाही, अबोला नाही. पुढे चाळीस वर्षं दोघं एका घरात राहिले, एकमेकांची आजारपणं काढली, दादांच्या संसाराला आत्यांनी आपला पगार लावला. पण त्या दिवसानंतर आत्यांनी कुणालाही, कशासाठीही, "मला शिकव" म्हणून म्हटलं नाही. आणि दादा पाच महिने वरून तो चुकीचा क्लच बघत होते, ओठ आवळून, कारण आता सांगायचा हक्क आपल्याला नाही असं त्या भल्या माणसाला वाटत होतं. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि दोघांचाही मला भयंकर राग आला, आणि दोघांवरही फार प्रेम वाटलं.

आत्या उठल्या. ओढणी नीट केली, कचेरीत साहेबांपुढे जायच्या आधी करत असतील तशी. गॅलरीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. एरवी आमच्याशी शुद्ध बोलणाऱ्या आत्या भावाशी मात्र घरची मालवणी बोलतात. "दादा," त्या म्हणाल्या, "माका गाडी शिकव."

दादांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "कधी?"

"आत्ता."

"माझी चपला खंय गेली?" असं म्हणत दादा उठले.

दोन मजले उतरायला त्यांना पाऊण तास लागला असं मी सांगत असतो. बायको म्हणते, वीस मिनिटं. काही असो, प्रत्येक मजल्यावर माणसं दारात येऊन उभी होती आणि कुणीही मदतीला पुढे होत नव्हतं, कारण दादांनी हाताने नको म्हणून खूण केली होती. खाली कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. दादा बसले, आणि पाच महिने कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "अशी नाय गो! अर्धो सोड क्लच, अर्धो! चाकाकडे कित्याक बघतस? जाऊचा असा थंय बघ!" चाळ श्वास रोखून वाट बघत होती की आता हेल्मेटमधून "माहित्येय मला" येणार. आलं ते एवढंच, "बरा." सहा दिवस हेच चाललं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, दादा दिवसातून दोनदा जिना उतरले आणि दोनदा चढले. पाचव्या दिवशी बादल्या उभ्याच्या उभ्या राहिल्या आणि तिन्ही गॅलऱ्यांतून असा काही गलका झाला की करी रोडपर्यंत ऐकू गेला असेल.

दुसऱ्या टेस्टला दादा हट्टाने टॅक्सीतून आले. आत्यांनी आठ काढला. एकदा नाही, साहेब थांबा म्हणेपर्यंत दोनदा. पाय वर, मान वर, नजर लांब. मी ओरडलो, बायको रडली, दादा नुसते मान हलवत राहिले. साहेबांनी सही करता करता विचारलं, "कुठे शिकलात शेवटी?" ज्या आत्यांनी पोहण्यापासून कॉम्प्युटरपर्यंत कशाचंच श्रेय कधी कुणाला दिलं नव्हतं, त्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "माझ्या भावाने शिकवलं." दादांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

लायसन्स घरी आलं त्या संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन गेलो. दादांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं, बहिणीच्या फोटोवरून अंगठा फिरवला आणि हसून म्हणाले, "चला. आता तुका सगळा येता. माझा काय काम उरला?" सगळे हसले. पण दादांनी हळूच आपली खुर्ची मागे, गॅलरीकडे ओढली, आणि तिच्यात बसताना ते एकाएकी मला फार म्हातारे वाटले. आत्यांनाही ते दिसलं असावं. त्यांनी हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

"घाटात गाडी कशी घालतत," आत्या म्हणाल्या, "ता माका खंय येता?"

दादांनी मान वर केली. मग खुर्ची पुन्हा पुढे घेतली, खिशातला रुमाल काढून मांडीवर घाटासारखा वळणावळणाने पसरला, आणि चढाला गिअर कधी बदलायचा ते तिला सांगायला लागले.