माठाची कावीळ

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या सातपूरच्या कारखान्यात रक्तदान शिबिर भरलं. अर्धा दिवस सुटी मिळणार म्हणून मी सगळ्यांच्या आधी खाटेवर आडवा झालो. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बोलावून सांगितलं, तुमच्या रक्तात ऑस्ट्रेलिया अँटिजेन सापडलं आहे. काविळीचा विषाणू यकृतात मुक्कामाला आहे. मी मनमाडच्या पुढे कधी गेलो नव्हतो, आणि माझ्या रक्तात म्हणे ऑस्ट्रेलिया.

माझी नुकतीच सुपारी फुटली होती. मुलगी निफाडची, बी.एस्सी. झालेली, आणि मला मनापासून आवडलेली. आता लग्न मोडणार, अशी धास्ती बसली. लपवाछपवी मला जमत नाही, म्हणून निफाड गाठून होणाऱ्या सासऱ्यांना सगळं सांगून टाकलं.

"त्यात काय एवढं, पाव्हणं?" ते म्हणाले. "आमच्या गावात माळ घालणारा हाय. कावीळ उतरली का लगीन उरकून टाकू."

उतरली नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माळ म्हणजे दोऱ्यात गुंफलेले मुळीचे तुकडे. ती डोक्यावर ठेवायची. वाढत वाढत ती छातीवर आली की कावीळ उतरली. माझे डोळे खोबऱ्यासारखे पांढरे होते, तरी माळ बसली आणि हळद-तेल बंद झालं. माळ झपाट्याने खाली आली. आईने पेढे वाटले, सासरे मुहूर्त बघायला लागले.

मुलीने मात्र तशीच दुसरी माळ आणून घरच्या माठाच्या झाकणावर ठेवली होती. तीही पार माठाच्या पोटाखाली उतरली.

"दादा, माठालाही कावीळ झाली होती का?" तिने वडिलांना विचारलं.

सासऱ्यांनी माठावर बोटाने टकटक करून पाहिलं. मग म्हणाले, "माठ लय जुना हाय."

शेवटी आम्ही तिघे डॉक्टरांकडे गेलो. रक्त पुन्हा तपासलं. विषाणू होता तिथेच होता. सासऱ्यांचा चेहरा पडला. डॉक्टर म्हणाले, यावर लस निघाली आहे. मी लगेच बाही वर केली.

"तुम्हाला नाही हो. चोर घरात शिरून जेवायला बसलाय, आता कुलूप लावून काय होणार? लस हिच्यासाठी, तुमच्याकडून हिला लागण होऊ नये म्हणून. अर्थात, लग्न करायचं असेल तर."

"चोर शिरलेल्या घरासाठी लस का नाही?" तिने विचारलं.

"शरीराला त्याची सवय झालेली असते, ते लढायचं सोडून देतं. त्याला पुन्हा जागं करणारी लस हवी. कधीतरी निघेल."

त्या लसीच्या खटपटीच्या बातम्या मी आजही पेपरात शोधतो. पण त्या दुपारी माझं लक्ष फक्त तिच्याकडे होतं. डॉक्टरांनी सांगितलं, लस मुंबईहून मागवावी लागेल, आणि तीन सुया काही महिन्यांच्या अंतराने घ्याव्या लागतील. सासरे काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"मागवा. पहिली माहेरी घेते, बाकीच्या सासरी घेईन."