बुंददाण्याची सलामी

कोल्हापूर संस्थानात स्वतःच्या कानांचा सर्वांत जास्त अभिमान बाळगणारा माणूस हा संस्थानातला सर्वांत बहिरा माणूस होता, हे विधान मी दीड वर्षाच्या निरीक्षणानंतर करीत आहे. आमच्या शेजारचे जमादारचाचा हयातभर तोफखान्यात होते. सलामीच्या तोफा त्यांनी हातभर अंतरावरून ऐकल्या होत्या, आणि त्यानंतर जगाला त्यांच्याशी जे काही बोलायचे होते ते वाया गेले होते. कोणी काहीही विचारले की ते जोरात "व्हय की!" म्हणत. या उत्तरामुळे ते एकदा तालमीच्या कुस्त्यांचे पंच झाले, आणि एकदा त्यांची दुभती शेळी महिनाभर दुसऱ्या गल्लीत राहून आली. नोकरी गेली तीही कानांमुळेच. एका पाहुण्यांच्या सलामीत थांबण्याचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचला नाही, आणि पाहुण्यांना त्यांच्या मानापेक्षा एक तोफ जास्त मिळाली. त्यानंतर ते पाहुणे जातील तिथे तेवढ्याच तोफा मागू लागले, असे म्हणतात. चाचांना पुढच्याच आठवड्यात पेन्शन झाली. "कान ठणठणीत हाईत माझं," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "हुकूमच बारीक आवाजात दिला त्यानं. तोफंजवळ काय कुजबुजत्यात व्हय?"

पेन्शनीत त्यांनी बुंददाणे, म्हणजे कॉफीचे दाणे, भाजायला घेतले. शहरात चहाचे प्रस्थ वाढत होते, आणि कॉफी म्हणजे आजारपणात किंवा पाहुणे आले तर जायफळ घालून करायची गोष्ट होती. तरीही चाचांच्या अंगणातून सकाळी जो धूर निघे त्यावर आमच्या गल्लीचा दिवस सुरू होई. माझी आई त्या घरचे पाणी पीत नसे, दाणे मात्र तिथलेच आणवी. भाजलेला दाणा अग्नीतून आलेला असल्यामुळे तो कोणाच्याच घरचा राहत नाही, असा निर्णय वडिलांनी देऊन ठेवला होता. चाचांचे यंत्र म्हणजे एक लोखंडी पिंप, त्यातून आरपार गेलेला गज आणि गजाला वाकवून केलेला दांडा. गजाची दोन टोके विटांच्या दोन चळतींवर टेकत आणि खाली कोळशाची शेगडी असे. विटा वाढवल्या की पिंप आचेपासून दूर, काढल्या की जवळ. या मांडणीला चाचा 'नेम' म्हणत, आणि प्रत्येक दाण्याचा नेम वेगळा असे. म्हैसूरकडच्या उंच डोंगरातला दाणा टणक, त्याला एकच वीट. "त्यो पैलवान हाय. आच खाऊ दे त्याला." मलबारकडचा दमट वाऱ्यात फुगलेला फिकट दाणा पोकळ, त्याला तीन विटा. "ह्यो जावई. लांबनंच बोलायचं." फळात एकटाच वाढलेला गोल दाणा पिंपात गोटीसारखा फिरे आणि सगळीकडून सारखा भाजे, म्हणून त्याला दोन विटा आणि चाचांचे कौतुक.

मी तेव्हा कॉलेजच्या विज्ञानशाखेत होते. आम्ही वर्गात दोघी होतो आणि दोघींनाही पुढे मुंबईला जायचे होते. एखाद्या प्रक्रियेचे स्वतंत्र निरीक्षण लिहून आणा, असे प्राध्यापकांनी सांगितल्यावर मी वही घेऊन चाचांच्या अंगणात गेले. तेव्हापासून त्यांनी माझे नाव 'मास्तरीणबाय' ठेवले. वहीत मी रकाने आखले: दाण्याची जात, आधीचे वजन, नंतरचे वजन, विटा, दांड्याचे फेरे. पिंपात उष्णतामापक घालू का, असे मी विचारले आणि चाचा "व्हय की!" म्हणाले. तिसऱ्या फेऱ्याला तो फुटला. पाऱ्यासकट ते दाणे मी परसात खोल पुरले, आणि प्रश्न विचारून मिळालेली संमती ग्राह्य धरायची नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

सगळ्या मोजमापाचा शून्यबिंदू मात्र एकच होता. दाणा पुरेसा तापला की आतल्या वाफेने तडकतो. तो पहिला आवाज म्हणजे चाचांच्या भाषेत 'सलामी'. सलामीनंतर पैलवानाला चाळीस फेरे, जावयाला पंचवीस. सलामी चुकली की फेरे कुठून मोजायचे ते कळत नाही आणि दाण्यांचा कोळसा होतो. जोडे आपटीत आलेला पोस्टमन ज्यांना ऐकू येत नसे, ते चाचा हा नखाएवढा आवाज अचूक टिपत. "झाली सलामी!" ते ओरडत, आणि खरोखरच झालेली असे. समोर उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेल्या चाचींना ते हटकून विचारीत, "ऐकलीस?" चाची वर न पाहता म्हणत, "तोफंनं कानाची भांडी झाल्यात, आन् म्हणं दाणा ऐकतोय!" मी याचे शास्त्रीय कारण शोधीत होते. मोठ्या आवाजाने बधिर झालेला कान बारीक आवाजाला अधिक तीक्ष्ण होत असावा, असे माझे अनुमान होते. त्यावर मी चार पाने लिहिली होती.

मग शेतकी खात्याचे एक साहेब आले. पन्हाळ्याच्या अंगाला महाराजांनी कॉफीची लागवड करवून घेतली होती आणि तिचा दाणा हाती आला होता. तो कसा भाजावा हे कोणालाच ठाऊक नव्हते. "जमादार, पाहुण्यांच्या बंगल्यासाठी भाजणारा माणूस हवा आहे," साहेब म्हणाले. "पण तुमचे कान गेले, असं कानावर आलंय." हे वाक्य त्यांना तीनदा ओरडून सांगावे लागले. चाचांचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. "सोमवारी या," ते म्हणाले. "तुमच्यासमोर भाजतो. कान गेल्यात का न्हाय, तुम्हीच बघा."

शनिवारी मलकापूरहून निरोप आला, लेकीचे दिवस भरले. चाची गेल्या. रविवारी चाचांनी सरावाला म्हणून पैलवान भाजला, तो जळाला. विटा ओल्या आहेत, असे त्यांनी सांगितले. दुसरा घाणाही जळाला. मग दोष कोळशाकडे गेला. तिसराही जळाला, तेव्हा त्यांनी रिकाम्या उंबऱ्याकडे पाहिले आणि पिंप पालथे केले. मी घरी येऊन वही उघडली. दाणा तोच, विटा त्याच, कोळसा त्याच पोत्यातला. एकच गोष्ट बदलली होती आणि तिच्यासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता. तांदूळ निवडताना चाचींचा पदर डोक्यावरून घसरलेला असे, आणि "झाली सलामी!" या आरोळीच्या क्षणभर आधी त्या तो वर ओढून घेत. दीड वर्ष मी हे रोज पाहिले होते आणि त्याची नोंद बायकांची सवय म्हणूनही केली नव्हती. ती चार पाने मी फाडली.

सोमवारी दहा वाजता साहेब आले, तेव्हा मी उंबऱ्यावर ताट घेऊन तांदूळ निवडत होते. निवडत म्हणजे इकडचे तिकडे करीत. चाचा मला पाहून एक क्षण थबकले, मग विटा मोजू लागले. पन्हाळ्याचा दाणा ताजा, अजून हिरवट. त्याला आधी तीन विटांवर सुकवून मग एक वीट काढायची, हे त्यांनी दाणा दातांखाली दाबून ठरवले. दांडा फिरू लागला. साहेब हवेविषयी बोलत होते आणि चाचा त्यांना "व्हय की" म्हणत होते. कोळसा तडतडला. माझा हात पदराकडे गेला आणि थांबला, कारण कोळशाचा आवाज कोरडा असतो. चाचांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. तीस वर्षांची नोकरी एका न ऐकलेल्या हुकुमात गेलेला माणूस कसा पाहत असेल, ते मला तेव्हा कळले. मग पिंपातून एक दबका, ओलसर आवाज आला. खात्री करून घेण्यासाठी मी दुसऱ्याची वाट पाहिली. दुसरा आला. आईने पुष्कळ सांगूनही जो मी कधी डोक्यावर घेतला नव्हता, तो पदर मी घेतला.

"झाली सलामी!" चाचा गरजले. "ऐकली न्हवं, सायेब?"

साहेबांना काहीही ऐकू आले नव्हते. "ऐकली की," ते म्हणाले.

तीस फेऱ्यांनंतर दाणे सुपात पडले, बदामी, एकसारखे. साहेबांनी कॉफी दोनदा मागून घेतली आणि बंगल्याचे काम चाचांना लागले. साहेब गेल्यावर चाचा बराच वेळ विटा उतरवीत राहिले. मग सुपातला एक दाणा दातांखाली फोडून पाहिला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "मास्तरीणबाय, पदर जरा उशिरा घेतलास. पहिल्यालाच घ्यायचा."

महिनाभर उंबऱ्यावर ताट घेऊन मीच बसले; मग चाची नातवाचे कौतुक घेऊन परतल्या आणि आपल्या जागी बसल्या. त्यांना कोणी काही सांगितले नाही. प्राध्यापकांना दिलेल्या निबंधात 'पहिला आवाज कसा ओळखला' या रकान्यात मी 'कानाने' एवढेच लिहिले. निरीक्षण अपुरे आहे, असा शेरा त्यांनी समासात दिला, आणि तो बरोबर होता.

आता मी मुंबईत ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे उष्णतामापक पुष्कळ आहेत आणि ते सहसा फुटत नाहीत. खोलीवर मी कधीकधी तव्यावर मूठभर दाणे भाजते. आवाज नीट ऐकू येतो. पदर मी पहिल्यालाच घेते, मग समोर पाहते, आणि फेरे मोजायला लागते.