मोडलेले पारायण

माझ्या मोठ्या साडूंइतका पुस्तकांचा मित्र आणि वाचकांचा शत्रू मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. मोठे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुडव्याला त्यांची धानाची शेती होती. माझ्या गळ्यात होते गोंदियातले एक वाचनालय. दोन खोल्या, चार कपाटे, आणि मागच्या खिडकीला लागून विडीचा कारखाना. गळ्यात म्हणायचे कारण असे की चिटणीसाचे काम बिनपगारी होते आणि बारा वर्षांत ते माझ्याकडून काढून घ्यायला कोणी पुढे आले नव्हते. सकाळी शाळेत पोरे हाकायची आणि दुपारी वाचनालयात म्हातारे. या दोन्हींत मी इतका थकून जाई की पुस्तकाला नंबर घालण्यापलीकडे त्याच्याशी काही संबंध ठेवावा असे मला कधी वाटलेच नाही.

साडू वाचायला शिकले ते पोथीवर. त्यामुळे वाचणे म्हणजे पारायण, याखेरीज दुसरी रीत असते हे त्यांना कोणी पटवू शकले नाही. हातपाय धुऊन, टोपी नीट करून ते मागच्या खिडकीपाशी मांडी घालून बसत आणि पुस्तक पाटावर ठेवत. पाटही त्यांनी कुडव्याहून खांद्यावर आणला होता. पुस्तक पोथीचे असो की चोर-शिपायांचे, सात दिवसांत संपले पाहिजे. पहिल्या दिवशी पाने मोजून ते सात वाटे करत आणि प्रत्येक वाट्यावर तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, काडी घालत. काडी आली की वाचन बंद, मग वाक्य पुरे होवो न होवो. एकदा एका रहस्यकथेत खुनी सुरा उगारून शेठजींच्या पलंगापाशी पोहोचला आणि काडी आली. साडूंनी पुस्तकाला नमस्कार केला, पुढे ठेवलेला गुळाचा खडा मला प्रसाद म्हणून दिला आणि छत्री उचलली.

"अहो, वार केला की नाही एवढे तरी पाहा," मी म्हणालो.

"सुरा का पळून चालला जी? उद्या वाचू," म्हणत ते कुडव्याच्या वाटेला लागले. स्वतः पान उलटून पाहावे एवढे त्राण माझ्यात नव्हते. तो सुरा दुसऱ्या दुपारपर्यंत माझ्याच डोक्यावर टांगलेला राहिला.

बरे, हे सगळे खड्या आवाजात. त्यांचा आवाज बैलांना हाक मारून कमावलेला, आणि वाचनालयाची खोली केवढी, तर दोन बाकांची. एका बाकावर आमचे पेन्शनर अध्यक्ष वर्तमानपत्र तोंडावर घेऊन डुलकी काढत, ती रोज मोडे. मी साडूंना पुस्तक घरी न्यायला सुचवून पाहिले. "घरी कोन आयकते?" ते म्हणाले. मेहुणीने कानात कापूस घालायला सुरुवात केली होती, हे मला ठाऊक होते. मनातल्या मनात वाचण्याविषयी विचारले तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "मनातल्या मनात वाचनं मंजे दार लावून एकट्यानं जेवनं. तसं कायले जेवाव जी मानसानं?" कथा संपली तरी त्यांचे संपत नसे. शेवटच्या पानावरचे मुद्रकाचे नाव, छापखाना, गल्ली, गाव, सगळे ते त्याच सुरात म्हणत. "त्याईनंबी घाम गाळला ना जी," हे त्यांचे कारण.

अध्यक्षांनी अखेर 'शांतता राखावी' अशी पाटी करून लावली. साडूंनी ती पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचून दाखवली आणि अक्षर चांगले आहे म्हणाले. मग मात्र ठराव झाला की मोठ्याने वाचणाऱ्यास मनाई करावी, आणि ती चिटणीसांनी कळवावी. मी कळवली. तेव्हा त्यांचा एका कादंबरीचा सहावा दिवस नुकताच झाला होता. लढाईमुळे कागद मिळेना, नवी पुस्तके येणे बंद झाले होते, आणि हे त्या वर्षातले एकुलते एक नवे पुस्तक. साडू रागावले असते तर मला बरे वाटले असते. ते काडीकडे पाहत राहिले.

"एकच दिवस राह्यला होता जी," ते म्हणाले.

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो. हे वाक्य आठवले की आजही माझी मलाच लाज वाटते. ते "बरं" म्हणाले आणि गेले. पाट तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात इतकी शांतता होती की अध्यक्षांचे घोरणे स्पष्ट ऐकू आले. दुपार कलताना दारात तीन बायका उभ्या राहिल्या. मागच्या कारखान्यात विड्या वळणाऱ्या. पदराला तंबाखूची भुकटी लागलेली, आत पाऊल टाकावे की नाही या विचारात. त्यांतली वयाने मोठी होती ती म्हणाली, "बाबाजी काऊन नाही आले जी आज?"

मी कारण सांगितले. तिने ते ऐकून घेतले, पण तिला हवे होते ते दुसरेच. "मंग त्या सुनेचं काय झालं? लेकरू घेऊन दारात उभी होती. घेतलं का नाही तिले घरात?"

तेव्हा मला कळले की साडू मागच्या खिडकीशी वाऱ्यासाठी बसत नव्हते. पलीकडे पन्नास बायका माना खाली घालून विड्या वळत आणि कान खिडकीला लावून बसत. सहा दिवस त्यांच्यात पैजा लागल्या होत्या. मला त्या सुनेचे नावही माहीत नव्हते, आणि तसे मी कबूल केले.

"एवढ्या पुस्तकाईत बसता, अन् तुमाले मालूम नाही?" ती म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता, खरेच नवल वाटले होते.

शाळा सुटल्यावर दुसऱ्या दिवशी पुस्तक काखेत मारून मी कुडव्याला गेलो. साडू धानाच्या बांधीत लाखोरीचा कोवळा पाला भाजीसाठी खुडत होते. मी माफी मागितली, ठराव गेला खड्ड्यात म्हणालो, चला म्हणालो. त्यांनी ओंजळभर भाजी माझ्या रुमालात बांधली.

"नाही जी साडभाऊ. मोडलेलं पारायन ज्यानं मोडलं त्यानंच पुरं करा लागते. आमच्या इकडं असाच नेम आहे. तुमीच वाचा. अन् मोठ्यानं वाचा, कारखान्यात तंबाखूची कुटाकुट चालते."

असा नेम खरेच होता की त्यांनी त्याच घडीला केला, हे मला आजतागायत कळलेले नाही. परतलो तो थेट मागच्या खिडकीशी पाटासमोर बसलो आणि शेवटची काडी काढली. शाळेत इतकी वर्षे ओरडूनही माझा आवाज पहिल्या दोन पानांत तीनदा बसला. अध्यक्ष दचकून उठले. मी थांबलो नाही. सासऱ्याने दार उघडले, सून आत आली, आणि पलीकडे कोणीतरी हुंदका दिला. पुस्तक मिटले, तोच खिडकीतून त्याच मोठ्या बाईचा आवाज आला, "अन् छापलं कोनं?"

मी पुन्हा पुस्तक उघडले. मुद्रकाचे नाव वाचले, छापखाना वाचला, गल्लीही वाचली.

अध्यक्षांना मी सांगितले, ठराव ठेवायचा तर दुसरा चिटणीस पाहा. बिनपगारी म्हटल्यावर कोणी मिळेना, तेव्हा ठराव आपोआप बारगळला. साडू मात्र वाचनालयात पुन्हा आले नाहीत. "आता तुमी आहा ना जी," एवढेच म्हणाले. बाजाराच्या दिवशी ते खिडकीबाहेर, बायकांच्या बाजूला, छत्री टेकून बसत. मला ते दिसत नसत. माझा आवाज उतरला की तेवढे ऐकू येई, "साडभाऊ, मोठ्यानं."

गेल्या पौषात ते गेले. मी आता फार थकलो आहे, घसा दोन पानांत कोरडा पडतो. बाजाराच्या दिवशी आवाज खाली येतो तेव्हा मी सवयीने क्षणभर थांबतो. बाहेरून कोणी काही म्हणत नाही. मग मी आपला मोठ्याने वाचू लागतो.